सोळा किलोमीटर विनाथांबा

"यंदा मी एकवीस किलोमीटर धावणार! आणि नुसतं धावणार नाही, हसत धावणार!"

धर्मेश राऊतने ही घोषणा भाऊबिजेला, सासुरवाडीची झाडून सगळी मंडळी जमलेली असताना केली. तेव्हा त्याच्या एका हातात चकली होती आणि दुसऱ्या हातात करंजी. त्यामुळे छाती ठोकून घ्यायला हात मोकळा नव्हता, एवढीच काय ती उणीव राहिली. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरे म्हणाले, "वा!" फक्त त्याची बायको हेमांगी म्हणाली, "आधी आपल्या घराचे दोन जिने न थांबता चढून दाखवा. परवा दुधाची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर बसला होतात!"

"मी बसलो नव्हतो. मी विचार करत होतो."

"पंधरा मिनिटं?"

धर्मेशने लक्ष दिलं नाही. थोर माणसांच्या घरात असंच चालायचं.

आता थोडं त्याच्याबद्दल सांगायला हवं. वय सेहेचाळीस. मूळचा समुद्रकाठच्या माहीमचा, पण नोकरीसाठी गेली वीस वर्षं बोईसरला. एमआयडीसीतल्या एका कंपनीत भांडार सांभाळतो. म्हणजे पाने, पक्कड, हातमोजे मोजून देतो आणि मोजून परत घेतो. आयुष्यात त्याने स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. शाळेच्या कबड्डी संघात तो राखीव होता, लग्नाच्या फोटोत अर्धा हेमांगीच्या मामामागे होता. आणि अशा माणसाला सेहेचाळिसाव्या वर्षी एकदम वाटलं, की गळ्यात एक पदक पाहिजे! फेब्रुवारीत पालघरला होणाऱ्या अर्ध्या मॅरेथॉनचं. पूर्ण एकवीस किलोमीटरचं. त्यासाठी तो 'धावतं बोईसर' नावाच्या मंडळात दाखल झाला आणि रोज पहाटे पाच वाजता उठू लागला. हेमांगीला पहिले चार दिवस वाटलं, याचं पोट बिघडलंय.

मंडळाची प्रमुख होती किंजल. वय बत्तीस, धंद्याने फिजिओथेरपिस्ट, स्वभावाने हवालदार! शर्यतीची नावं तीच भरायची, आणि एकवीस किलोमीटरमध्ये नाव हवं असेल तर तिची परीक्षा पास व्हावी लागायची: सोळा किलोमीटर, दोन तासांच्या आत, विनाथांबा. चालायचं नाही, टेकायचं नाही, बुटाची नाडी सुटली तर सुटली! या नियमाला कारण होतं. गेल्या वर्षी मंडळाचे एक सभासद चौदाव्या किलोमीटरला रिक्षात बसले होते आणि शेवटच्या रेषेपर्यंत प्रेक्षकांना हात हलवत आले होते. बरं, लबाडी करायचीही सोय नव्हती. प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ तुम्ही कुठे आहात, कधी थांबलात, सगळं किंजलच्या मोबाइलवर जसंच्या तसं कळवायचं. पूर्वी असली कामं शेजारचे करायचे.

नापास होणाऱ्याचं नाव पाच किलोमीटरच्या 'मौजधावे'त जायचं. तिथे लोक हातात फुगे घेऊन धावतात. मधे थांबून सरबत पितात!

"धर्मेशभाई, हा शेवटचा रविवार हां. संध्याकाळी मी नावं भरणार," किंजलने बजावलं. "बोईसरमधे चार किलोमीटर गोल मारायचे, मग पामवरून सरळ चिंचणीचा किनारा. मी तिथे उभी राहते. आणि धावताना बोलू नका! तुमचा अर्धा दम बोलण्यात जातो. कोणी काही विचारलं तर हाताने सांगायचं."

"अगदी!" धर्मेश म्हणाला, आणि पुढे वीस मिनिटं तो आपण धावताना कसे अजिबात बोलणार नाही हे सांगत राहिला.

रविवारी सकाळी सहाला तो निघाला. अंधारात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून मंडळात चमकदार जाकीट सक्तीचं होतं. बाकीच्यांनी ती शंभर ग्रॅम वजनाची विकत घेतली होती. धर्मेशने मात्र कंपनीचं घातलं होतं. भगवं, चंदेरी पट्ट्यांचं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा' लिहिलेलं! भांडार आपल्याच ताब्यात असताना विकत कोण घेणार?

पहिले दहा किलोमीटर छान गेले. छान म्हणजे, तो जिवंत होता. अकराव्या किलोमीटरला, साडेसाताला पाच-सात मिनिटं असताना तो पामच्या नाक्यावर पोचला आणि तिथे गोष्टीला फाटा फुटला.

नाक्यावर काशीबाई आणि आणखी सहा मासळीवाल्या रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. चिंचणीला मासळी घ्यायला नेणारा टेम्पो अजून आला नव्हता. आठ दिवस समुद्रात काही लागत नव्हतं. होड्या जात होत्या आणि मूठभर मांदेली घेऊन परत येत होत्या. बायका वैतागल्या होत्या. आणि अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने एक माणूस जीव खाऊन धावताना दिसला!

आता किनाऱ्यावरच्या गावांतला एक साधा कायदा आहे. सकाळच्या वेळी समुद्राकडे कोणी उगाच धावत नाही. धावतो, म्हणजे होडी लागली. आणि एवढं धावतो, म्हणजे साधी मासळी नव्हे, घोळ लागली! सोन्याच्या भावाने जाणारी! शिवाय किनाऱ्यावर जिची पाटी आधी टेकेल तिचा पहिला बोल, हाही कायदाच. धर्मेश माहीमचा. त्याला हे सगळं ठाऊक असायला हवं होतं. पण त्या क्षणी त्याला स्वतःचं नावही नीट ठाऊक नव्हतं.

काशीबाई उठल्या. साठीच्या बाई, कासोटा घट्ट, पायात काही नाही. पाटी डोक्यावर ठेवून त्या त्याच्या बरोबरीने निघाल्या.

"काय रं बाला, होडी लागली?"

बोलायचं नाही! धर्मेशने हात पुढे करून समुद्राकडे दाखवलं. म्हणजे, मला तिकडे जायचंय.

"घोल हाय?"

धर्मेशला घाम, दम आणि किंजल यांपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. बाई किती उरलं विचारतायत, असं समजून त्याने पाच बोटं दाखवली. पाच किलोमीटर उरले होते.

"पाच घोली!" काशीबाई ओरडल्या. "अगो उठा! पाच घोली लागल्यात! टेम्पोची वाट नका बघू!"

सहाच्या सहा जणी उठल्या. मागे वळून बघायचा दम धर्मेशपाशी नव्हता, पण पावलांचा आवाज त्याला ऐकू आला आणि त्याला बरं वाटलं. वाटेत लोक खेळाडूंना प्रोत्साहन देतात, हे त्याने वाचलं होतं. त्याने अंगठा वर करून बायकांचे आभार मानले. बायकांनी वेग वाढवला!

"कोनाच्या होडीला लागली?" काशीबाईंनी विचारलं. त्यांचा श्वास जराही चढला नव्हता. धर्मेशने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाई धावत नव्हत्याच! त्या चालत होत्या! तो जीव तोडून धावत होता आणि त्या डोक्यावर पाटी घेऊन, गप्पा मारत, त्याच्या बरोबरीने चालत होत्या. अडीच महिन्यांची पहाट, सोडलेला बटाटेवडा, बाराशे सूर्यनमस्कार, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

तेवढ्यात समोरून सायकलवर जिव्या आला. हा चिंचणीकडून एमआयडीसीत आठच्या पाळीला निघालेला कामगार. कारखान्याला रविवार नसतो. त्याने पाहिलं: कंपनीचं जाकीट घातलेला, पाठीवर 'सुरक्षा' लिहिलेला माणूस, तोंड लाल, डोळे बाहेर, एमआयडीसीकडे पाठ करून पळतोय! आणि त्याच्यामागे बायका पळतायत!

जिव्या शहाणा माणूस. कंपनीचा सुरक्षावाला ज्या दिशेने पळतो, त्याच्या उलट्या दिशेला कामावर जायचं नसतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने सायकल जागच्या जागी वळवली.

"सायेब, ग्यास सुटलाय?"

धर्मेशने जोरजोरात हात हलवला. म्हणजे, बाबा रे, वाटेतून बाजूला हो, माझी लय बिघडते!

"पला म्हनतोय!" जिव्याने गळ्यातला टॉवेल बाटलीतल्या पाण्याने भिजवून नाकाला बांधला आणि पायडल मारलं. "ग्यास सुटलाय! दरयाकडं पला!"

पुढच्या दोन किलोमीटरमध्ये जे झालं ते धर्मेशने पाहिलं नाही, कारण तो स्वतःचे बूट बघत होता. बायकांना घ्यायला येणारा टेम्पो जिव्याला भेटला आणि बातमी घेऊन आल्या पावली चिंचणीकडे फिरला. चहाच्या टपरीवाल्याने उकळता चहा शेगडीवर सोडला. वाडीत पाणी लावणारे पाणी सोडून आले. कोणी घोळीसाठी पळत होतं, कोणी गॅसपासून पळत होतं. आणि दोघांची दिशा एकच असल्यामुळे कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं! एक बाई तर दोन्हींसाठी पळत होती. नाकाला ओला फडका आणि हातात पिशवी. एका माणसाने घाईघाईत टीव्ही उचलला होता, दुसऱ्याने कोंबडा. शंभरेक माणसं झाली असतील. आणि पायी पळणाऱ्या सगळ्यांच्या पुढे, मिरवणुकीतल्या घोड्यासारखा, भगव्या जाकिटात धर्मेश!

इकडे मंडळाच्या ग्रुपवर किंजलने मोबाइलवरचा ठिपका पाहून निरोप टाकला: 'धर्मेशभाईंचा वेग वाढतोय!!' हर्षित नावाचा मंडळातला सगळ्यात जलद आणि सगळ्यात आगाऊ तरुण होता, त्याने लिहिलं: 'मागे कुत्रा लागला असेल.'

पंधरा किलोमीटर! घड्याळ म्हणत होतं, एक तास एक्कावन्न मिनिटं. धर्मेशचा विश्वासच बसेना. फक्त एक किलोमीटर! चिंचणी आली. समुद्राचा वास आला. सुकत घातलेल्या बोंबलांचा तो वास धर्मेशला आज अत्तरासारखा वाटला. गल्लीच्या टोकाला किनारा होता आणि किनाऱ्यावर किंजल होती. त्याला हसू यायला लागलं. तो हसत धावत होता! सासरे असायला हवे होते बघायला!

आणि मग त्याने मान वर केली.

गल्लीतल्या एका घरातून चार माणसं एका म्हातारीला खुर्चीसकट उचलून बाहेर आणत होती. नव्वदीची असेल. नाकाला ओला टॉवेल बांधलेला. खुर्ची उंबऱ्याला अडकली होती, एकाचा पाय घसरला होता, म्हातारी एका बाजूला कलंडली होती आणि टॉवेलाआडून बोळक्या तोंडाने ओरडत होती, "माजी कवली राहिली! कवली घ्या माजी!" शेजारी एक पोरसवदा आई तान्ह्या बाळाला पदरात गुंडाळून रडत उभी होती.

"काय झालं?" धर्मेश न राहवून बोलला. पंधरा किलोमीटरमधले त्याचे पहिले शब्द!

"काय झालं म्हंजे?" खुर्चीवाला ओरडला. "तूच तर ग्यास सुटला म्हनून सांगत आला!"

धर्मेशने मागे वळून पाहिलं. शंभर माणसं. ओले टॉवेल, पाट्या, टीव्ही, कोंबडा. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो उजेड पडू नये असं त्याला फार वाटलं. मनगटावर आकडे पळत होते. पंधरा पॉइंट तीन... पंधरा पॉइंट चार... सहाशे मीटर! पाच मिनिटांचं काम! पुढे जाऊन, पदक पक्कं करून मग परत येऊन सांगितलं तर? म्हातारी पाच मिनिटं कलंडलेली राहील, एवढंच.

खुर्ची आणखी कलली.

धर्मेश थांबला. त्याने जाऊन खुर्चीचा पाय धरला, ती सरळ केली आणि खाली टेकवली. मग तो ओट्यावर चढला आणि उरलासुरला सगळा दम काढून ओरडला, "गॅस नाहीये! काही झालेलं नाहीये! मी फक्त धावतोय!"

गल्ली एकदम गप्प झाली. कोंबडाही.

"आनि घोल?" काशीबाईंनी विचारलं.

"घोळ पण नाही."

"मंग कशापायी धावतोस?"

"सराव करतोय."

"कसला?"

"धावण्याचा."

"म्हंजे, धावायला यावं म्हनून धावतोस?"

धर्मेशला इतक्या स्पष्टपणे हे कोणी विचारलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "बरोबर."

काशीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पुढची दोन मिनिटं त्या जे बोलल्या ते इथे देण्यासारखं नाही. त्यात धर्मेशचा वंश, कंपनी, जाकीट आणि पाच बोटं या सगळ्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. जिव्याने टॉवेल नाकावरून सोडला आणि "आजचा खाडा भरून कोन देनार?" एवढंच विचारलं. टीव्हीवाला म्हणाला, "आता हा परत न्यायचा?" आणि मटकन खाली बसला. बोलता बोलता काशीबाईंची नजर खुर्चीतल्या म्हातारीवर गेली आणि त्यांचा आवाज अर्ध्यावरच तुटला.

"आये! तू?"

म्हातारी त्यांची सख्खी आई होती! मंगळीआजी. धाकट्या मुलाकडे चिंचणीत राहायची. काशीबाईंनी पाटी टाकली आणि आईला पोटाशी धरलं.

"या भगव्यानं धरली म्हनून," मंगळीआजी टॉवेल काढत म्हणाली. "नायतर तुज्या भावानं पाडलीच व्हती मला."

ठिपका थांबला म्हणून किंजल स्कूटरवरून धडकली ती याच वेळी. तिने गर्दी पाहिली, कोंबडा पाहिला, सगळी हकीकत ऐकली. हसू दाबताना तिचे गाल फुगले. पण नियम तो नियम.

"धर्मेशभाई, पंधरा किलोमीटर चारशे मीटरवर थांबलात. अकरा मिनिटं झाली."

"माहिती आहे."

"म्हणजे मौजधाव. पाच किलोमीटर."

धर्मेशने मान हलवली. पण त्याची हनुवटी थरथरली, आणि सेहेचाळीस वर्षांच्या, 'सुरक्षा' लिहिलेल्या माणसाची हनुवटी थरथरताना बघणं कोणालाच सोपं नव्हतं. त्याला फार वाईट वाटत होतं. लोकांसमोर फजिती झाली त्याचं नव्हे, त्याची सवय होती. पण आज तो खरंच पोचणार होता!

"काय गो पोरी," काशीबाई डोळे पुसत पुढे आल्या, "काय कमी पडलं याचं?"

"सोळा किलोमीटरला सहाशे मीटर, काकी. नाहीतर एकवीसमध्ये नाव होतं."

"सोलात सहाशे मीटर? येवढ्यासाठी अडवतं? माज्या पाटीत येवढी कमी भरली तर गिऱ्हाईक हूं का चूं करीत नाय! दे त्याला एकवीस."

"नाही देता येत, काकी."

"बरं, अठरा दे."

"अठराची शर्यतच नसते!"

"मंग हाय काय काय तुज्याकडं?"

"एकवीस, दहा आणि पाच," किंजलच्या तोंडून निघून गेलं, आणि तिथेच ती फसली. मासळीवालीसमोर माल मांडायचा नसतो.

"पाचात कोन धावतं?"

"लहान मुलं. आजी-आजोबा."

"म्हंजे माजी आये नि हा एका पाटीत? दहा दे, नि मिटव."

"काकी, असं नसतं हो! परीक्षा असते!"

"नको तर नको!" काशीबाईंनी पाटी उचलली, धर्मेशचं मनगट धरलं आणि चालू लागल्या. "चल रं बाला! हिच्याकडं माल बरा नाय. दुसरीकडं बगू!"

एक पाऊल. दोन. सहाही जणी मागून निघाल्या. जिव्यानेही सायकल वळवली. दहा पावलं झाली आणि मागून आवाज आला, "अहो काकी! थांबा! घ्या दहा!"

काशीबाई फिरल्या. चेहऱ्यावर रेषाही हलली नव्हती.

"आनि वर काय?"

"वर?"

"आमी गिऱ्हाइकाला दोन बोंबील वर टाकतो. तू काय टाकतं?"

किंजलने मोबाइलकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग हात टेकले. "बरं बाई. मधे दोनदा चालायची परवानगी."

"बांध!" काशीबाई म्हणाल्या, आणि गल्लीत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टीव्हीवाल्याच्या.

संध्याकाळी ग्रुपवर यादी आली: 'धर्मेश राऊत: दहा किलोमीटर, वर दोनदा चालणे.' हर्षितने खाली हसून रडणारे चौदा चेहरे टाकले. धर्मेशने यादी हेमांगीला पाठवली; तिने एक अंगठा टाकला आणि रात्री बटाटेवडे केले.

सोमवारी कंपनीच्या कँटीनमध्ये धर्मेश सगळ्यांना सांगत होता, की एकवीस काय, कोणीही धावतं! आपण स्वतःहूनच दहावर आलो, गुडघा जरा कुरकुरतोय म्हणून. तुम्ही त्याला कुठे भेटलात तर चिंचणीचं काही काढू नका. आणि गुडघा कोणता, हेही विचारू नका. ते त्याचं अजून ठरलेलं नाही.